टोलेसाहेबांची चार अक्षरं

माझ्या वडिलांना बोलता येतं असं मी सांगते, तेव्हा लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. येतं हो. चार अक्षरं येतात. झेड-एम-एल-ओ. बास. पाणी हवं, झेड-एम-एल-ओ. खिडकी लाव, झेड-एम-एल-ओ. सूप गार झालंय, पोरी, काय छळ लावलायस, झेड-एम-एल-ओ. अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून बाकी सगळी भाषा गेली आणि ही चार अक्षरं तेवढी मागे राहिली. तीही इतकी स्वच्छ, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस अजून माइकसमोरच बसलाय.

उभं आयुष्य त्यांनी इथल्या रेडिओ केंद्रावर निवेदक म्हणून काढलं. दर तासाला केंद्राने आपली ओळख सांगायची असा सरकारी नियम असतो, आणि ओळख म्हणजे ही अक्षरं. गाडीला नंबर असतो तशी प्रत्येक केंद्राला असतात, आपली आपली. गाणं अर्धवट कापून का होईना, तास भरला की बाबांचा आवाज यायचा. लोक त्यावर घड्याळं लावायचे आणि बाबांना टोलेसाहेब म्हणायचे. पुष्कळांना ते आडनावच वाटायचं. विजेच्या ऑफिसातल्या एका शहाण्याने तर आमचं बिलही त्या नावाने पाठवायला सुरुवात केली होती.

डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. जे आयुष्यभर घोकलंय ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात राहतं. कुणाचे आकडे राहतात, कुणाच्या शिव्या राहतात."

"शिव्या राहिल्या असत्या तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "निदान त्यांचं मन तरी मोकळं झालं असतं."

डॉक्टर हसले नाहीत. माझे विनोद हल्ली कुणाला कळत नाहीत, कारण ते करताना माझा चेहरा चेष्टेचा राहत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. सकाळी बाबांना उठवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, मग शेजारच्या मावशींवर त्यांना टाकून दुकानात पळायचं, दुपारी परत यायचं, कूस बदलून द्यायची, पुन्हा पळायचं. नवरा केव्हाच आपल्या वाटेने गेला. दादा परदेशात. दर रविवारी फोन करून मला व्यायाम सांगतो. बाबांचे नव्हे, माझे. "पाठ सांभाळ गं," म्हणतो. फोनवरून पाठ सांभाळायला काय जातंय! तो बोलत असताना मी फोन बाबांच्या कानाला लावते आणि ते त्याला इतक्या झपाट्याने झेड-एम-एल-ओ हाणतात की पलीकडे दादा म्हणतो, "अरे वा, बाबा खुशीत आहेत." तो राग होता हे त्याला सांगून काय उपयोग?

कारण मला आता त्या अक्षरांतलं सगळं कळतं. पाणी हवं असलं की ती भराभर येतात आणि शेवटचा ओ तोडलेला असतो. खिडकीसाठी एम जरा ताणलेला. आणि लघवी लागली की एल वर अडतात, एक श्वास घेतात, मग ओ कापऱ्या आवाजात वर चढवतात. ती हाक आली की हातातलं सगळं टाकून धावायचं. दोन-चारदा पोचले नाही, तेव्हापासून मी कान टवकारून असते. झोपेतसुद्धा.

एक सूर मात्र झटक्यानंतर मी कधीच ऐकला नव्हता. प्रसारण संपवतानाचा. दिवसाचं शेवटचं गाणं झालं की बाबा एकेक अक्षर सुटं म्हणायचे, सावकाश, आणि शेवटचा ओ अलगद खाली ठेवायचे. मग खट्ट आवाज आणि नुसती खरखर. आई म्हणायची, "चला, बाबा निघाले," आणि सूप पुन्हा शेगडीवर चढवायची. मी बाबा येईपर्यंत जागी राहायची शर्थ करायचे आणि हटकून झोपून जायचे.

तर अशी ही आमची भाषा, दोघांचीच. आणि घोडं अडलं ते इथेच.

कारण मी थकले होते. स्पष्टच सांगते, अगदी आतून थकले होते. एके दिवशी दुकानात एका बाईंच्या चष्म्याची काडी वाकवता वाकवता मी उभ्या उभ्या झोपले आणि काडी मोडली. मालकांनी नुसता मोडका चष्मा माझ्यासमोर ठेवला. त्याच संध्याकाळी मी टेकडीखालच्या शुश्रूषागृहात चौकशी केली. ते चांगलं आहे, स्वच्छ आहे, आणि तिथे दोन वॉर्ड आहेत. पुढच्या वॉर्डला मोठ्या खिडक्या, आरामखुर्च्या, रेडिओ. मागच्या वॉर्डात पलंगाला दोन्हीकडून कठडे, सगळ्यांना लंगोट, ते ठरल्या वेळी बदलायचे, आणि कुणाला काही विचारायचं नाही. कारण विचारून उत्तर येत नाही. पुढे कुणाला घ्यायचं, मागे कुणाला टाकायचं, ते तिथल्या मेट्रनबाई ठरवतात. अट एकच. पेशंटला पाणी मागता आलं पाहिजे आणि बाथरूमला जायचंय हे सांगता आलं पाहिजे.

मागच्या वॉर्डात मी बाबांना ठेवणार नव्हते. आणि घरी ठेवायची ताकद माझ्यात उरली नव्हती. म्हणजे पुढचा वॉर्ड, नाहीतर मी मोडणार, इतकं साधं होतं ते.

मेट्रनबाई बाबांना बघायला घरी आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशी बाई. दारात उभ्या राहून आधी बाथरूम किती लांब आहे ते बघितलं, मग बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"काय आजोबा, कसं वाटतंय?"

पाहुणी बाई बघून बाबांचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत गेला. चांगला हात कॉलरकडे नेत ते घोळवून म्हणाले, "झेड-एम-एल-ओ."

"आणखी काय म्हणतात?"

"एवढंच," मी म्हटलं. "पण त्यात सगळं असतं." आणि मी त्यांना सूर म्हणून दाखवायला लागले. पाण्याचा, खिडकीचा, रागाचा. पन्नाशी ओलांडलेली बाई पाहुण्यांसमोर नकला करतेय! मलाच माझी लाज वाटली. तेवढ्यात बाबा एल वर अडले, श्वास घेतला आणि ओ वर चढवला.

मी नकला टाकून त्यांना उचललं. बाथरूमला नेऊन परत आणलं तर मेट्रनबाई तशाच ताठ बसलेल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही लेक आहात, तुम्हाला कळतं. माझ्याकडे एका वेळी तीन मुली कामाला, आणि माणसं हॉलभर. एकच शब्द सगळ्याला, आम्ही ओळखायचं कसं?"

"हळूहळू कळेल की."

"हळूहळू कळेपर्यंत गादी भिजते." त्या उठल्या. "मागच्या वॉर्डात जागा आहे. पुढच्या वॉर्डाचं बघून कळवते."

त्या गेल्या आणि मी बाबांवर ओरडले. "एक शब्द, बाबा! एक तरी दुसरा शब्द! पाणी! म्हणा पाणी! पा!" त्यांनी तोंड उघडलं, ओठ जुळवले, घाम फुटला त्यांना, आणि बाहेर पडलं ते झेड. मग त्यांनीच डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. ते पाय तेव्हा थंडगार होते, म्हणून रडता रडता मोजे चढवले.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरकाका आले. बाबा माइकपुढे, हे काचेच्या पलीकडे, अशी त्यांची जन्माची जोडी. काका फार बोलत नाहीत. येतात, बाबांसमोर बसतात, चहा पितात. त्या दिवशी मात्र कप हातात धरूनच म्हणाले, "केंद्र विकलं. नवीन मालकांना आपली अक्षरं नकोत. ते म्हणे नुसतं 'धमाल' म्हणणार. नियमापुरती नवी अक्षरं घेतलीत, ती जाहिरातीच्या शेपटाला कुणीतरी पुटपुटेल."

बाबांनी काकांकडे बघितलं. कळलं की नाही, देव जाणे.

"शनिवारी दुपारी बाराला शेवटची ओळख द्यायची आहे," काका म्हणाले. "मॅनेजर म्हणतो, टोलेसाहेबांनीच द्यावी. थेट, माइकवरून. मी म्हटलं, विचारतो."

मला हसू आलं. सगळ्या जगात बाबांना जे एकच काम येत होतं, तेच कुणीतरी मागायला आलं होतं.

"काका, मुळात ही अक्षरं आली कुठून?" मी विचारलं. "मला बाबांनी लहानपणी सांगितलं होतं, एम-एल-ओ म्हणजे 'माझी लेक ओरडते'."

काका खो-खो हसले. "तुझ्या आईला 'माझी लाडकी ओळखा' सांगितलं होतं. आणि पगार उशिरा व्हायचा तेव्हा स्टुडिओत आम्हाला सांगायचा, 'महिना लांबतो, ओढाताण'. जाहिरातवाल्यांसाठी तर रोज नवा अर्थ. बनवायचा गं सगळ्यांना."

"मग खरं काय?"

काकांनी बाबांकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. "पहिलं अक्षर देशाचं. ते सगळ्यांना सारखंच. बाकीची तीन वरच्या ऑफिसातून आली. आधी ती एका मालवाहू जहाजाची होती. बुडालं ते. बुडालेल्या जहाजाची अक्षरं दुसऱ्या जहाजाला दिली तर खलाशी पाय ठेवत नाहीत, म्हणून मग ती जमिनीवर कुणाला तरी देऊन टाकायची, अशी त्या ऑफिसची पद्धत होती. आम्हाला मिळाली. जाहिरातवाल्यांना हे कळलं असतं तर एकही फिरकला नसता. म्हणून हा बाबाजी अर्थ बनवत बसला जन्मभर."

"म्हणजे अर्थ काहीच नाही?"

"त्या जहाजाचा वायरलेसवाला शेवटपर्यंत हीच अक्षरं पाठवत होता म्हणे. सारखी. पाणी आत आलं तरी." काकांनी कप खाली ठेवला. "मी इथे आहे, एवढंच म्हणत होता तो. दुसरा काय अर्थ असतो त्यांचा? आम्ही दर तासाला तेच तर सांगायचो."

बाबा हळूच म्हणाले, "झेड-एम-एल-ओ." हा सूर मला ओळखता आला नाही. मी पाणी दिलं, त्यांनी तोंड फिरवलं.

शनिवारी मी दुकानातून सुट्टी घेतली. बाबांना दाढी करून, कोट घालून, व्हीलचेअरवर बसवून केंद्रावर नेलं. निघताना बाथरूमला नेलं होतं. पण तिथे मॅनेजर, त्याचा फोटोवाला, नवीन मालकांची कुणी चकचकीत मुलगी, सगळे दारातच. हार नको म्हटलं, फोटो नको म्हटलं, चहा तर हात जोडून नको म्हटलं. मी व्हीलचेअरचा ब्रेक लावायला वाकले तेवढ्यात त्या मुलीने प्रेमाने बाबांना अख्खा कप पाजला. वर म्हणते, "आजोबांना आवडला, अजून देऊ?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती दुसऱ्या खोलीत निघून गेली.

स्टुडिओ तोच होता. भिंतीवरचं कापड विटलं होतं, टेबलाच्या कडेला बाबांच्या कोपराने घासून पडलेली खाच तशीच होती. माइक समोर आला आणि बाबा ताठ झाले. वाकडं झालेलं तोंडसुद्धा थोडं सरळ झालं, खोटं नाही सांगत. मला काचेच्या पलीकडे काकांशेजारी उभं केलं. मधलं दार लागलं. लाल दिवा लागला.

काकांनी बोट वर धरलं. भिंतीवरचा काटा सरकत होता. आणि मी बघितलं, बाबांचा चांगला गुडघा हलत होता. सारखा. मला कळलं. "काका," मी म्हटलं, "काका, थांबा." पण लाल दिवा लागलेला असताना काका कुणाचंही ऐकत नाहीत. त्यांनी बोट खाली केलं.

"झेड," बाबा म्हणाले. "एम. एल."

अडले. श्वास घेतला. आणि ओ वर चढला, कापरा, उंच.

अख्ख्या शहराने ऐकलं. काचेच्या अलीकडे मॅनेजर रुमाल काढून डोळे टिपत होता. "काय भावना! गळा दाटला हो साहेबांचा!" चकचकीत मुलगी हुंदके देत होती. काकासुद्धा नाक ओढत होते, त्यांची माझ्याकडे पाठ होती. आणि मी दार ढकलत होते, लाल दिवा गेला खड्ड्यात, मला आत जायचं होतं.

पोचलो नाही आम्ही. बाथरूम जिन्याच्या पलीकडे. चांगल्या कोटाखालची चांगली पँट भिजली. बाहेरच्या खोलीत टाळ्या वाजत होत्या आणि मी बाबांचे पाय पुसत होते. ते छताकडे बघत होते. काय केलं मी! माणसाची आयुष्यभराची इज्जत घेऊन आले आणि इथे सांडली. मॅनेजरने बाहेरून दारावर टकटक केली, म्हणाला, "सगळे फोन वाजतायत, लोक रडतायत." मी म्हटलं, "रडू दे त्यांना."

घरी येऊन मी ठरवून टाकलं. मागचा वॉर्डही नको, पुढचाही नको. मीच करेन सगळं, मोडेपर्यंत. ठरवलं आणि अंगातली उरलीसुरली हवाही गेली. तशीच खुर्चीत बसून राहिले. बाबांनी पाणी मागितलं, दिलं. खिडकी मागितली, लावली.

सोमवारी दुकानात मेट्रनबाईंचा फोन आला. मी तयारीतच होते. म्हटलं, "तुम्ही मागचा वॉर्ड म्हणणार असाल तर राहू दे."

"शनिवारी बारा वाजता आमच्या हॉलमध्ये रेडिओ लावला होता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकवलं. आमच्या मुली डोळे पुसत होत्या."

"हो. सगळेच पुसत होते."

मग त्यांनी विचारलं, "वेळेवर पोचलात का?"

"कुठे?"

"बाथरूमला."

मी हातातला चष्मा काउंटरवर ठेवला. आणि मागच्या स्टुलावर बसले. काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक विचारायला लागलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

"तुमच्या घरी एकदा ऐकलं होतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "एल वर अडतात. मी मुलींना सांगितलं, पुसा डोळे, त्या माणसाला लघवी लागलीय. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नाही कधी." मग थांबून, "मला कळलं म्हणजे त्यांनाही शिकवता येईल. पुढच्या वॉर्डात खिडकीची जागा रिकामी होतेय. घेऊन या."

घेऊन गेले. इंजिनियरकाकांनी गाडी आणली होती. बाबांना खिडकीशी आरामखुर्चीत बसवलं, मोजे चढवले, उशी पाठीशी लावली, काढली, पुन्हा लावली. मेट्रनबाईंनी तिन्ही मुलींना रांगेत उभं केलं आणि मी पुन्हा नकला करून दाखवल्या. पाणी, खिडकी, बाथरूम, राग. मुली माझ्यामागे म्हणत होत्या, झेड-एम-एल-ओ, झेड-एम-एल-ओ. शेजारच्या खुर्चीतली आजी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता हे काय नवीन?" बाबा एका मुलीचा सूर ऐकून नापसंतीने मान हलवत होते. ती पाण्याऐवजी खिडकी म्हणत होती.

मग मुली कामाला गेल्या. काका गाडीकडे गेले. मला जायला हवं होतं, दुकान होतं. मी बाबांच्या खुर्चीपाशी उभी, पर्सचा पट्टा खांद्यावर, आणि पाय उचलत नव्हते. मी काय बोलणार होते? येते मी, उद्या येते, रागावू नका, मी थकले हो बाबा. त्याऐवजी उशी परत सारखी करायला वाकले.

त्यांनी चांगल्या हाताने माझा हात उशीवरून काढला. खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"झेड."

सुटं. सावकाश.

"एम. एल."

अडले नाहीत. आणि मग तो ओ, अलगद, खाली.

मेट्रनबाई मागून लगबगीने आल्या. "काय हवंय त्यांना? हा कुठला? पाणी?"

"नाही," मी म्हटलं. "बंद केलं त्यांनी. आता घरी जायचं."

बाबांनी डोळे मिटले होते. मी पर्स खांद्यावर नीट केली आणि निघाले.